लँडस्केप फोटोची चौकट आपोआप सुचते, की ती नुसती सवय असते?

तुम्ही विचारलंय की मुरलेले लोक कॅमेरा डोळ्याला लावतात न लावतात तोच क्लिक करून मोकळे होतात, ही उपजत नजर की सवय? माझ्या मते बहुतेक वेळा सवयच. फक्त ती कधी लागली हे आपण विसरून गेलेलो असतो.

मी नागपूरचा. अंबाझरी तलावाच्या बांधावरून बरीच वर्षं सूर्यास्त काढतोय. बांध पूर्वेला, सूर्य समोर पाण्यापलीकडे बुडतो. फोटो बिघडवायचा म्हटलं तरी बिघडत नाही अशी जागा. मागच्या दिवाळीत भिंतीवर लावायला एक निवडावा म्हणून चाळीसेक प्रिंट फरशीवर मांडले. बायको चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एकच फोटो इतक्यांदा कशाला छापला?" खरंच की! प्रत्येकात क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात, डावीकडून आत आलेली फांदी, सूर्य उजवीकडे. मे महिन्यातलं धुरकट आभाळ असो की श्रावणातले ढग, फांदी आपल्या जागी हजर.

मुळात पहिला कॅमेरा घेतला तेव्हा स्क्रीनवर ग्रिड लावली, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन सारखे भाग पाडणाऱ्या रेघा, ती कधी काढलीच नाही. क्षितिज, झाड, सूर्य या रेघांवर बसवायचे, हा तृतीयांशाचा नियम. त्याचं नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराच्या १७९७ सालच्या लिखाणात सापडतं, आणि तिथे विषय चित्रकलेचा आहे. माझ्या हाताला मात्र तो देवाने दिल्यासारखा चिकटला होता.

पण म्हणून सवयीला शिव्या देऊ नका. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरला चंद्र उगवलेला दिसला आणि मावळतीचं ऊन कबरींच्या क्रुसांवर पडलेलं. उजेड मोजायचं लाइट मीटर काही केल्या सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने एक्स्पोजर दिलं, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते ठरवलं. दुसरी निगेटिव्ह घ्यायच्या आत ऊन गेलंसुद्धा. लोक याला प्रतिभा म्हणतात, म्हणू देत; मला त्यात पाढे पाठ केलेला माणूस दिसतो.

माझी खोड मोडली ती रामटेककडच्या एका मालगुजारी तलावावर, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या तलावावर. मी नेहमीप्रमाणे काठावरच्या बाभळीची फांदी डावीकडे बसवत होतो. शिंगाडे काढणारा एक जण डोंगी, म्हणजे छोटी होडी, ढकलत जवळ आला. "झाडाचाच फोटो काहून काढून राहिले जी? पानी त इकडं हाय." तो गेला तिकडे पाहिलं. शिंगाड्याच्या हिरव्या पानांमधून डोंगीने काळ्या पाण्याची वाकडी रेघ ओढली होती, आणि मागची पानं हळूहळू सरकत ती पुसत होती. कॅमेरा खाली वळवला. क्षितिज चौकटीत उरलंच नाही.

आता मी क्लिकआधी चारही कडा नजरेखालून घालतो. घरी आल्यावर फोटो उलटा करून पाहतो; जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या काचेवर चित्र उलटंच दिसायचं. झाड झाड राहत नाही, नुसता काळा डाग होतो, मग तो नको तिथे बसला असेल तर लगेच खटकतो. ग्रिड बंद केली आहे. तुम्ही नवीन असाल तर मात्र वर्षभर राहू द्या.

भिंतीवर शेवटी ती पुसत चाललेली रेघच लागली. किंचित तिरकी आलीय.