‘थ्रूली’ (throughly) ही ‘थरली’ची (thoroughly) छपाईतली चूक आहे का? अर्थ काय?

जुन्या इंग्रजी बायबलात ‘थरली’च्या जागी ‘थ्रूली’ दिसलं म्हणून तुम्ही विचारलंय. चूक नाही ती. शब्द जुना आहे, अर्थ तोच: पुरतं, आतबाहेर, कुठे काही न सोडता.

‘थ्रू’ (through) आणि ‘थरो’ (thorough) मुळात एकाच शब्दाची दोन रूपं. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली परी ‘थरो बुश, थरो ब्रायर’ फिरते, तिथे ‘थरो’ म्हणजे नुसतं ‘मधून’. पुढे दोघांनी कामं वाटून घेतली: ‘थ्रू’कडे ‘मधून’ राहिलं, ‘थरो’कडे ‘पुरतं’ गेलं.

पण ‘मधून’चा ‘पुरतं’ कसा झाला? आमच्या सांगलीकडे हळद काढली की शिजवतात. कढईवर पाला, गोणपाट घालून वाफ धरायची आणि मग कांडात काडी टोचून बघायची. वरून मऊ लागलेलं कांड आत कच्चं असू शकतं. काडी आरपार गेली तरच हळद पुरती शिजली. मला ‘थरली’ कळला तो त्या काडीमुळे. आणि आपला ‘पार’ बघा ना! नदीच्या पार गेलो, पार दमलो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तीच वाट धरली, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

१६११ च्या किंग जेम्स बायबलात ५१ व्या स्तोत्रात पापी माणूस देवाला म्हणतो, ‘वॉश मी थ्रूली’. मूळ हिब्रू क्रियापद कपडे धुण्याचं आहे. पाणी धाग्याधाग्यातून जायला हवं. त्याच बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात खळं साफ करण्यासाठी हाच ‘थ्रूली’ येतो. ‘हॅम्लेट’मध्ये लेअर्टीस बापाचा सूड घ्यायचा म्हणतो, तोही ‘मोस्ट थ्रूली’.

आज लिहिताना मात्र ‘थरली’च लिहा, परीक्षेत ‘थ्रूली’ चूक धरतील. ‘कम्प्लीटली’च्या जागी तो सगळीकडे बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. ‘कम्प्लीटली’ विसरलो म्हणतात, ‘थरली’ विसरलो कुणी म्हणत नाही. तपासणं, धुणं, शिजवणं, ढवळणं, जिथे कणाकणापर्यंत पोचायचं असतं तिथे तो शोभतो.

मराठीत आणताना दर वेळी ‘पूर्णपणे’ लिहू नका, अशी माझी कळकळीची विनंती. मी तरी असं करीन: खळं लख्ख करील, सूड पुरता उगवीन, आणि स्तोत्रातल्या त्या माणसासाठी, मला खळखळून धू.