बैठकीला जाताना वही घेऊन जा

प्रिय,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. वॉर्ड ऑफिसातल्या पहिल्याच बैठकीत तुंबणाऱ्या गटाराबद्दल तुझं कुणी ऐकून घेतलं नाही, साहेब सारखे घड्याळ बघत होते, आणि आता तिथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तू ठरवलं आहेस. जरा थांब.

माझीही पहिली बैठक अशीच वाया गेली होती. टेकडीवरच्या आमच्या शेवटच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं, म्हणून आम्ही बायका गेलो होतो. बोलायची पाळी आली तशी मी पाणी, गटार, दिवे, कचरा, सगळं एका दमात सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "बघून घेतो." संपलं.

पुढच्या वेळी फक्त पाणी न्यायचं ठरवलं. मुलाच्या जुन्या वहीत रेघा मारल्या: तारीख, पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, दहा लिटरची बादली भरायला किती मिनिटं लागली. पंधरा दिवस पहाटे नळापाशी बसले. तशीच एक वही खालच्या गल्लीतल्या मैत्रिणीला दिली. खाली बादली मिनिटभरात भरायची, वर अकरा मिनिटांत. ज्युनियर इंजिनियरनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि खुर्ची पुढे ओढली. मागच्या बाकावर गल्लोगल्ली पाणी सोडणारा चावीवाला बसला होता. बैठकीत तो अक्षर बोलला नाही. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाला, "ताई, नाक्यावरचा व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, आटे गेलेत त्याचे. तुम्ही लिहून द्या, माझं कोण ऐकतंय." मी अर्जात तेवढंच लिहिलं. चार महिने लागले, पण व्हॉल्व्ह बदलला.

म्हणून सांगते, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्जाच्या दोन प्रती ने, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. बैठकीचं इतिवृत्त माग. त्यात आपला विषय नसेल तर लगेच पत्र दे. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये आला तेव्हा मुंबईकरांनी हजारोंनी लेखी हरकती दिल्या, आणि त्याच एप्रिलमध्ये सरकारला तो बाजूला ठेवून नव्यानं करायला सांगावं लागलं. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

नगरसेवकाला टाळू नकोस. ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. त्या काळात वॉर्डातल्या नगरसेवकांची प्रभाग समितीच भरत नव्हती, मग आपला प्रश्न तिथं मांडणार कोण? फार जड गेली ती वर्षं. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन २२७ जण निवडून आले आहेत. आपल्या नगरसेवकाला प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख विचार, विषयपत्रिका आधी मागून घे आणि आपला विषय एका कागदावर लिहून हातात दे. भाषण नको, कागद दे.

एक गोष्ट मात्र मला टोचली. फेरीवाल्यांना सरसकट उठवा, असं तू बैठकीत म्हटलंस. फुटपाथ मोकळा हवा हे खरंच, माझे गुडघे दुखतात, रस्त्यावरून चालायची मलाही भीती वाटते. पण २०१४ च्या फेरीवाल्यांच्या कायद्यानं त्यांचे प्रश्न बघणाऱ्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत, त्यामागे कारण आहे. स्टेशनबाहेरची भाजीवालीही याच शहरात राहते. पुढच्या बैठकीआधी तिच्याशी बोल. दुपारी ती जरा मोकळी असते. फुटपाथच्या किती रुंदीत तिचं भागेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

रविवारी सकाळी घरी ये. तुंबणाऱ्या गटाराचे फोटो तारखेसकट आण, आणि एक कोरी वही. अर्ज आपण इथंच बसून लिहू, सोमवारी खिडकी उघडायच्या वेळी मी येते तुझ्याबरोबर.

तुझी,
मावशी