रागात कुणी घराबाहेर पडायचं नाही

अचानक कुणी गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: "आमचं शेवटचं बोलणं धड झालं नाही हो." कुणी रागाने फोन कापलेला असतो, कुणी 'नंतर बघू' म्हणून टाळलेलं असतं. लांबलेल्या आजारपणात निरोपाला निदान सवड मिळू शकते. इथे तीही नसते, आणि मग ते शेवटचं वाक्य सगळ्या संसारावर पसरून बसतं.

अशाच एका बाईंची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. वय 45 च्या आसपास, नोकरी करणाऱ्या, बोलणं नेमकं. सकाळी नवरा कामावर निघत असताना विजेचं बिल भरायचं राहिलं म्हणून खडाजंगी झाली. "तुमच्यावर काही सोपवायची सोय नाही," असं त्या म्हणाल्या. दुपारी तो ऑफिसातच कोसळला. हृदयविकाराचा झटका.

आठ महिन्यांनी त्या आल्या, पण स्वतःसाठी नाही. "मुलगा खोटं बोलायला लागलाय, त्याला समजवा." मुलगा 17 वर्षांचा. विचारत गेले तसं कळलं की घरात आता एक नियम होता: रागात कुणी बाहेर पडायचं नाही. वाद सुरू झाला की त्या लगेच 'सॉरी' म्हणून तो मिटवायच्या. मुलगा बाहेर गेला की तासातासाला फोन. उचलला नाही तर त्याच्या मित्रांना फोन. शेवटी तो मोबाइलच बंद ठेवायला लागला आणि चार्जिंग संपलं म्हणून सांगायला लागला.

मुलगा माझ्याशी एकटा बोलला तेव्हा म्हणाला, "आईशी भांडताच येत नाही आता. मी काही बोललो की ती रडते. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी खरं बोलतच नाही."

बाईंचं म्हणणं साधं होतं. "माणूस आहे तोवर त्याची किंमत ओळखावी, एवढंच तर मी शिकले!" 'प्रत्येक भेट शेवटची समजून वागा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो क्रूर वाटतो. तसं वागणारा माणूस प्रेम करत नाही, पहारा देतो. संध्याकाळी हा परत येणारच, या भरवशावरच सकाळी बिलावरून भांडता येतं. तो भरवसा चुकीचा नव्हता. त्या दिवशी तो खरा ठरला नाही, एवढंच.

पण हे ऐकून घेण्याआधी त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. "माझ्या बोलण्याने गेले का हे?" 'छे, असं कुठे असतं' हे नातेवाइकांनी ढीगभर वेळा सांगितलं होतं, आणि त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. तेच मीही सांगण्यात अर्थ नव्हता. शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तवाहिन्या अरुंद होण्याचं काम कित्येक वर्षं चाललेलं होतं, हे डॉक्टरांनी कागद समोर ठेवून समजावलं. सांत्वनापेक्षा माहितीने माणूस जास्त सावरतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

तरी "मला कळायला हवं होतं" हे उरलंच. आदल्या पंधरवड्यात ते छातीत जळजळ होते म्हणाले होते. निकाल कळला की तो आधीपासून दिसतच होता असं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. मी बाईंना एवढंच विचारलं की त्या पंधरवड्यात, काहीच माहीत नसताना, जळजळीचा अर्थ तुम्ही काय लावला होता? "पित्त. त्यांनीही तोच लावला होता."

मग मी त्यांना लग्नापासूनची आठवतील ती भांडणं लिहायला सांगितली, आणि प्रत्येक भांडण कसं मिटलं तेही. त्या वैतागल्या, पण पानं भरून आणली. गंमत म्हणजे 'कसं मिटलं' हा रकाना जवळपास रिकामा होता. माफी नाही, समजूत नाही. संध्याकाळी त्याने काहीतरी फालतू विचारायचं, हिने उत्तर द्यायचं, की संपलं. त्याच म्हणाल्या, "हेही तसंच मिटलं असतं." आणि पाठोपाठ, आठ महिन्यांत पहिल्यांदा, त्यांना नवऱ्याचा राग आला. डॉक्टरकडे का गेला नाही हा माणूस! गेलेल्यावर रागावणं पाप वाटतं अनेकांना. मी थांबवलं नाही.

मुलाबद्दलची त्यांची दुसरी तक्रार अशी, की त्याला दुःखच नाही, फुटबॉल खेळायला जातो. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबी आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेली कल्पना इथे कामी आली: शोकात माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा ये-जा करत राहतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. दोघं घरात उलट्या वेळी उलट्या टोकाला असायचे, इतकंच. तो रात्री वडिलांचे व्हॉइस मेसेज ऐकायचा, हे आईला ठाऊकच नव्हतं.

फोनचं मात्र सरळ वाटाघाटीने ठरलं. बाहेर असताना दोन ठरलेल्या वेळी मेसेज, त्याने मोबाइल बंद ठेवायचा नाही, मधे हिने फोन करायचा नाही. भीती चढते, पण तिला उत्तर दिलं नाही तर ती उतरतेही, हे अनुभवानेच पटतं. सुरुवातीला ठरलेली वेळ टळून दहा मिनिटं झाली की फोन जायचाच. 'लोकेशन चालू राहू दे,' हे मुलानेच सुचवलं.

"आठ महिने झाले, हे आजारपण तर नाही ना?" असंही त्यांनी विचारलं होतं. दीर्घकालीन शोकविकाराच्या निदानासाठी आयसीडी-11 ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी किमान 6 महिने मानते, आणि डीएसएम ही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका प्रौढांसाठी 12. पण नुसतं कॅलेंडर बघून निदान होत नाही. रोजचं जगणंच ठप्प झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं, आणि मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. यांचं तसं नव्हतं.

मध्यंतरी सहलीवरून घरात कडाक्याचं भांडण झालं. "सॉरी म्हटलं नाही मी. माझंच बरोबर होतं," बाईंनी येऊन सांगितलं. आता वर्ष पूर्ण होईल. अशा तारखेच्या आसपास दुःख पुन्हा उसळतं, म्हणून त्या दिवसाचं आधी ठरवून ठेवा असं मी सुचवलं. मुलाला त्या दिवशी मॅच खेळायची आहे, आईला तो घरी हवा आहे. अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या वेळी दोघं मिळून येणार आहेत.