कुत्रा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

या वेळी आलेल्या पत्रांतील बराचसा मजकूर जनावरांवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांत उठलेल्या भांडणांविषयीचा आहे. त्यांतील चार पत्रे निवडून त्यांना उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करून कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणण्यास मनाई केली आहे आणि ठराव मोडणाऱ्यास दंड ठेवला आहे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझी कुत्री बारा वर्षांची असून तिला आता जिना चढवत नाही. हा ठराव मला पाळावा लागेल का? (इंदिरानगर)

उत्तर : नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला, मग ठराव बहुमताने झालेला असो वा एकमताने, सभासदाला कुत्रा पाळण्यास मनाई करता येत नाही आणि कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही. मात्र याच सूचनांत मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत, आणि ती पाळली गेली नाहीत म्हणूनच बहुतेक ठिकाणी असे ठराव होतात, असे माझे स्पष्ट मत आहे. सामाईक जागेत कुत्री नेहमी पट्ट्याने धरलेली असावी, तिने केलेली घाण आपण स्वतः उचलावी, रेबीजची लस दर वर्षी टोचून घेऊन त्याचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे आणि महानगरपालिकेचा श्वान परवाना घेऊन त्याचे वेळेवर नूतनीकरण करावे. परवाना आणि लसीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडून सचिवांना लेखी अर्ज द्या व त्याची पोच घ्या. लिफ्टमध्ये लहान मूल किंवा कुत्र्याला घाबरणारी व्यक्ती असेल, तर एक फेरी थांबण्याचा समजूतदारपणा आपण आपणहून दाखवावा.

प्रश्न : आमच्या गल्लीत एक ताई रोज संध्याकाळी दूध-पोळी ठेवतात, त्यामुळे आठ-दहा कुत्री जमतात. मागच्या आठवड्यात शिकवणीहून परतणाऱ्या माझ्या मुलाच्या पोटरीला एक कुत्रा चावला. महापालिकेची गाडी कुत्री धरून नेते आणि काही दिवसांनी पुन्हा तिथेच आणून सोडते. ही कुत्री कायमची का हलवत नाहीत? (सिडको)

उत्तर : प्रथम मुलाविषयी. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते; हळद, चुना, तिखट असे काहीही तिच्यावर लावू नये. लसीचे सर्व डोस ठरलेल्या दिवशीच पूर्ण झाले पाहिजेत, आणि जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) हेही द्यावे लागते. हे इंजेक्शन दिले गेले आहे की नाही, हे जिल्हा रुग्णालयात आजच विचारा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळे कुत्रा ओळखीचा होता, अंगाने धडधाकट दिसत होता, या समजुतीवर विसंबू नये.

आता कुत्र्यांविषयी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्रे पकडून त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे व त्यानंतर त्याला जिथून पकडले तिथेच सोडणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे. अशा कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. गल्लीतील कुत्र्यांचे कान एकदा जवळून पाहा : ज्यांना खाच नाही, त्यांची संख्या, रंग आणि बसण्याची जागा लिहून महापालिकेच्या सिडको विभागीय कार्यालयात द्या. ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ अशा मोघम अर्जापेक्षा असा अर्ज पुष्कळ उपयोगी पडतो. परत सोडण्यामागे कारण आहे. कुत्री आपापला इलाखा राखतात. ती हलवली की मोकळ्या जागेत लस न टोचलेली, पिल्ले घालणारी नवी कुत्री येतात.

तरीही सर्वच कुत्री परत सोडावीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना यातून वगळले, तसेच रस्त्यावर कोठेही खायला घालण्यास मनाई करून प्रत्येक प्रभागात त्यासाठी वेगळी जागा नेमून देण्यास सांगितले. पुढे 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत असेही स्पष्ट केले. म्हणून चावलेल्या कुत्र्याचे वर्णन, ठिकाण, तारीख व रुग्णालयाचा कागद जोडून तक्रार करा. त्या ताईंशी वाद घालू नका. दोघांनी मिळून एकच अर्ज द्यावा आणि मुलांच्या खेळण्याच्या व जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर अशी खाऊ घालण्याची जागा मागून घ्यावी. कुत्र्यांना नेमाने खाऊ घालणारी व्यक्तीच त्यांना पकडून देण्यात सर्वांत मोठी मदत करू शकते, कारण तिच्या हाकेला ती जवळ येतात. कुत्र्यांना विष घालण्याचा विचार मात्र कोणी मनातही आणू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

प्रश्न : आजोबांच्या वेळेपासून आमच्या घरी पिंजऱ्यात पोपट असतो. हे बेकायदेशीर आहे असे मुले म्हणतात. (जेलरोड)

उत्तर : मुलांचे म्हणणे बरोबर आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित पक्षी असून तो पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यात वाढलेला पोपट एकदम उडवून देऊ नका, तो जगणार नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : पंचवटीत माझे दुकान आहे. दुकानासमोर रोज सात-आठ गाई रस्ता अडवून बसतात. परवा त्यांतील एकीच्या धडकेने वृद्ध बाई पडल्या. गाई मोकाट आहेत, मग दाद कोणाकडे मागावी? (पंचवटी)

उत्तर : आपण त्यांना मोकाट म्हणता, पण त्यांपैकी बहुतेकींना मालक असतो. पहाटे धार काढून झाली की दावे सोडायचे, दिवसभर भाविक एकेक पेंडी विकत घेऊन घालतात आणि मंडईतला उरलेला भाजीपाला मिळतो, म्हणजे चाऱ्याचा खर्च नाही. संध्याकाळी धारेला गाय आपल्या पायांनी घरी येते. कासेकडे पाहिले तरी ती दुभती आहे हे कळते. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरील बारा अंकी क्रमांक टिपून ठेवा. त्यावरून पशुसंवर्धन विभागाकडील नोंदीत मालकाचा शोध लागू शकतो.

कोंडवाडे चालवणे हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत नमूद केलेले आहे, म्हणून पहिला अर्ज पंचवटी विभागीय कार्यालयातच द्यावा. कोंडवाड्यात नेलेले जनावर दंड आणि खुराकीचा खर्च भरल्याशिवाय मालकाला परत मिळत नाही. बाईंना दुखापत झालेली असल्याने पोलीस ठाण्यातही तक्रार करता येते : ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी दक्षता न घेणाऱ्यास न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपल्या ओळीतील दुकानदारांनी मिळून आणखी एक गोष्ट करावी. गाईला घास देण्याची श्रद्धा मी मनापासून मानतो, परंतु रस्त्यावर पडलेल्या पेंडीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही तिच्या पोटात जातात आणि त्यांचा गोळा होऊन ती तडफडून मरते. ज्यांना घास द्यायचा आहे, त्यांनी त्या पेंडीचे पैसे पांजरपोळात द्यावेत, अशी विनंती आपण दुकानाच्या दर्शनी भागी लिहून लावा.