पीसीचं बटण दाबलं तरी फॅन नाही, लाइट नाही, एकदम गप्प. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला का?

लगेच नवीन घेऊ नका, आधी तपासून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून करंट येतोय का बघा, मग एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच, साफसफाई करताना पुष्कळदा तोच बंद होतो.

ते ठीक असेल तर पॉवर केबल काढा, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर सोडवा, २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते, ती आणि शेजारची काळी या दोन भोकांत वाकवलेली यू पिन घाला, एक कॅबिनेट फॅन जोडा आणि मगच करंट द्या, चालू असताना पिनला हात नको. फॅन फिरला तर दोष बहुतेक बटणाच्या वायरीत, मदरबोर्डमध्ये नाहीतर कुठेतरी शॉर्ट, नाही फिरला तर एसएमपीएस गेला समजा. (सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाजाने घालू नका, तुमच्या मॉडेलच्या पिनांचं चित्र बघा.)

फॅन फिरला म्हणजे ठणठणीत असंही नाही हं. मल्टीमीटर असेल तर पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट बघा, ५ टक्के इकडेतिकडे चालतं. जांभळीवर तर हिरवी न जोडताही ५ व्होल्ट हवेतच, माझ्या पीसीत तिथेच शून्य होतं.

आणि प्लीज, एसएमपीएसचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक देण्याइतका चार्ज राहू शकतो.