पप्पांची खोली

ताई, सप्रेम सलाम. वय ५४, पुण्यात राहतो, मेथडिस्ट मंडळीचा सभासद आहे. यंदा नव्या वर्षाच्या कराराच्या उपासनेत (सगळी मंडळी देवाशी केलेला करार नव्यानं म्हणते ती) मी स्वतःला पूर्णपणे प्रभूला वाहून दिलं. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाच ते साडेसात दार लावून प्रार्थनेला बसतो, शुक्रवारी उपास करतो. (पप्पांचं डायपर, अंघोळ त्या वेळात मिसेस उरकतात, त्यामुळे व्यत्यय येत नाही.) सुरुवातीला डोळे भरून यायचे. आता आत सगळं कोरडं झालंय. मिसेसना आत्मिक गोष्टींची गोडी नाही, बरेच महिने त्या चर्चलाही आलेल्या नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ सेवेत उतरलो तर माझं समर्पण पुरं होईल का? रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं पहिलं वचन, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करा, मी भिंतीवर लावलंय.
— एक समर्पित

सलाम भाऊ,

तुम्ही कंसात घातलेलं वाक्य वाचून मला राग आला, आणि तो तुमच्यावरच आला. तुमचा कोरडेपणा, मिसेसची गोडी, स्वेच्छानिवृत्ती हे सगळं थांबू द्या. आधी तुमच्या वडिलांबद्दल बोलू.

त्यांचं वय किती, त्यांना काय झालंय, ते बोलू शकतात का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. डायपर आहे म्हणजे अंथरुणाला खिळलेले असणार, एवढाच माझा अंदाज. सून समोर आली की बनियनवर घाईघाईनं सदरा चढवणारी ती पिढी. त्या पिढीतला हा माणूस रोज पहाटे सुनेच्या हातून उघडा होतो. आणि त्याच वेळी बंद दाराआड त्याचा धडधाकट मुलगा ‘प्रभू, मी सर्वस्वी तुझा’ म्हणत बसलेला असतो. त्यांना ते ऐकू जातं का हो?

तिबिर्याच्या समुद्राकाठी पुनरुत्थित येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला काय सांगितलं ते तुम्हाला पाठ असेल. योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय. तरुणपणी तू स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जायचास. म्हातारा झालास की हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिकडे नेईल. हे सांगून झाल्यावर प्रभू म्हणाला, माझ्यामागे ये. पेत्राच्या बाबतीत ते त्याच्या मरणाविषयी होतं, हे योहान तिथेच लिहितो. पण मला त्या ओळी वाचताना नेहमी खाटेवरचं म्हातारं माणूस दिसतं. तुम्ही समर्पण शिकायला दोन तास दार लावून बसता. तुमच्या घरात ते कोण शिकतंय? हात लांब करून, दुसऱ्याच्या मर्जीवर, तोंडातून अवाक्षर न काढता? आणि तुम्ही त्यांच्यापासूनच दार लावून घेतलंय.

आता तुमच्या कराराकडे येते. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं १७५५ च्या ११ ऑगस्टला लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये ही उपासना पहिल्यांदा घेतली. आज ती बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. त्यातली प्रार्थना मोठ्यानं म्हणायला भलतीच अवघड आहे. मी आता माझा राहिलो नाही. मला हवं त्या कामाला लाव, हव्या त्या लोकांत बसव. करायला लाव नाहीतर सोसायला लाव. कामावर घे नाहीतर बाजूला ठेव. तुम्ही हे सगळ्या मंडळीबरोबर उभं राहून म्हणालात. ‘हवं त्या कामाला लाव’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे काय होतं? मला वाटतं व्यासपीठ होतं, सभा होत्या, लोकांच्या डोक्यावर हात ठेवून केलेल्या प्रार्थना होत्या. काम मात्र शेजारच्या खोलीत तयार होतं. ते तुम्ही दुसऱ्या कुणाच्या वाट्याला दिलं आणि नवीन कामाची वाट बघत बसलात.

भिंतीवरचं वचनही तिथेच थांबवू नका. ते पत्र लिहिणारा पौल तुमच्या डोळ्यांतलं पाणी मागत नाही, तो तुमची शरीरं मागतो. आणि मग सबंध अध्यायभर सांगतो की ती कशात झिजवायची: एकमेकांवर भावासारखी माया करा, मान देण्यात दुसऱ्याला पुढे करा, संकटात टिकून राहा, रडणाऱ्याबरोबर रडा, मोठेपणाच्या मागे न लागता दीनांच्या बरोबरीनं राहा. यातलं काहीही बंद खोलीत एकट्यानं करता येण्यासारखं नाही.

शिवाय मार्काचा सातवा अध्याय आहेच. आईबापांच्या पोषणाला लागणारं द्रव्य ‘हे देवाला अर्पण केलं’ म्हणायचं आणि त्यांच्यासाठी काही करायचं नाही, अशी सोय शास्त्री-परूशांनी, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांनी, करून ठेवली होती. येशू त्यावर किती कडक बोलला! तुम्ही पैसे अडवलेले नाहीत, ते मी धरूनच चालते. तुम्ही पहाटेचे दोन तास अडवलेत, ज्या दोन तासांत त्यांना मुलाच्या हातांची सगळ्यात जास्त गरज असते.

तुम्ही आळशी नाही, हे मला कळतं. आळशी माणूस साडेपाचला उठत नाही. मला वाटतं तुम्हाला लाज वाटते, थोडी भीतीही. ज्या बापानं खांद्यावर बसवून फिरवलं त्याला तसं बघवत नाही. पुष्कळ मुलग्यांचं असं होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नाही. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला, तेव्हा त्याच्या मुलांनाही बघवलं नव्हतं. शेम आणि याफेथ खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत गेले, तोंडं फिरवून त्यांनी बापाला झाकलं. पण ते तंबूत गेले, भाऊ. बाहेर प्रार्थना करत थांबले नाहीत.

तेव्हा उद्यापासून पप्पांचं सकाळचं सगळं तुम्ही करायचं. प्रार्थना आटोपून मग असं नाही, साडेपाचलाच, त्याच वेळात. पहिले दोन दिवस मिसेसकडून शिकून घ्या, नंतर त्यांना झोपू द्या. पाणी कोमट, आधी स्वतःच्या मनगटावर बघून. तोंड पहिलं पुसायचं, गुप्तांगाची जागा शेवटी, पाणी आणि फडकं बदलून. एका वेळी एकच भाग उघडा ठेवा, बाकी अंगावर चादर असू द्या. कूस बदलायला ओढू नका, ओढल्यानं नाजूक कातडी सोलवटते. एक हात खांद्याला, एक खुब्याला लावून अलगद आपल्याकडे वळवा. पाठीमागच्या बाजूनं जुनी चादर लांबीत गुंडाळत अंगाला भिडवा, तिच्या शेजारी नवी तशीच अर्धी गुंडाळून ठेवा, मग पप्पांना त्या वळकटीवरून पलीकडे वळवलं की जुनी निघते आणि नवी पसरता येते. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघा. लाल डाग बोटानं दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. जांघेत, काखेत ओल राहू देऊ नका. आणि दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे दिवसभर कोण करतं तेही विचारून घ्या.

या रविवारी पप्पांजवळ तुम्ही थांबा. मिसेस चर्चला का येत नाहीत याचं उत्तर तुम्हाला नऊ वाजेपर्यंत मिळेल.

याची साक्ष मंडळीत द्यायची नाही. पाळकसाहेबांनाही सांगायचं नाही.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करू नका. औषधं, डायपर, तपासण्या तुमच्या पगारातून होत असणार. तो पगार सोडून सेवेला निघालात तर मार्काचा सातवा अध्याय पैशांच्या बाबतीतही तुम्हाला लागू होईल. कोरडेपणा जाईल का, हे मी सांगू शकत नाही. कदाचित जाईल, कदाचित बरीच वर्षं तसाच राहील. दोन्ही परिस्थितींत पप्पांना सकाळी आंघोळ लागणारच.

महिनाभरानं मला परत लिहा. त्या पत्रात तुमच्याबद्दल काही नको. पप्पांचं नाव लिहा, ते काय खातात, पाठीची कातडी कशी आहे, कोणतं गीत म्हटलं की ओठ हलतात, ते लिहा.

तुमची,
ताई