हिल्सडेलला प्रवेश मिळेल का? चाकणहून मिशिगनला येणाऱ्या एका बाबांना

नमस्कार. तुमची चाकणहून मिशिगनमधल्या नोव्हायला बदली होते आहे, एल-१ व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा). लेक दहावीत आहे. तिने मिशिगनमधल्याच हिल्सडेल कॉलेजचा अमेरिकन राज्यघटनेवरचा मोफत ऑनलाइन कोर्स मन लावून केला आणि आता पदवीसाठी तिथेच जायचं म्हणते. भारतातून आलेल्या, हिंदू घरातल्या मुलीला तिथे कितपत संधी आहे, असं तुम्ही विचारलंत. माझी थोरली तिथूनच शिकली, आणि आम्हीही पुण्याहून असेच आलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धर्माची धास्ती आधी मनातून काढा. १८४४ साली फ्री विल बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे कॉलेज काढलं, ते गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. वंश, धर्म, लिंग पाहून कुणाला नाकारायचं नाही, हे सुरुवातीपासूनचं धोरण. मुलींनाही त्यांनी फार लवकर पदव्या दिल्या. प्रवेशासाठी अमुक श्रद्धा हवी अशी अट नाही. मात्र आवारात भलं मोठं चॅपेल आहे, बहुतेक मुलं ख्रिस्ती घरांतली आहेत, आणि ख्रिस्ती धर्मविचाराचा एक विषय सगळ्यांना घ्यावाच लागतो. माझ्या लेकीला कुणी धर्म बदलायला सांगितलं नाही. पण तू काय मानतेस आणि का मानतेस, हे जेवणाच्या टेबलावर तिला सारखं विचारलं जायचं. असे प्रश्न आवडणारी मुलगी तिथे खुलते, न आवडणारी कोमेजते.

आता संधीचं. अलीकडच्या वर्षांत साधारण पाच अर्जदारांत एकाला प्रवेश मिळतो. सगळं कॉलेज मिळून विद्यार्थी सोळा-सतराशे, त्यामुळे जागा मोजक्याच. एसएटी, एसीटी किंवा सीएलटी, यांपैकी कुठलीही परीक्षा चालते. सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) आपल्याकडे फारशी माहीत नाही: २०१५ साली सुरू झाली, १२० गुणांची असते, आणि तिच्यातले उतारे बऱ्याचदा जुन्या अभिजात ग्रंथांमधले असतात. तुमच्या लेकीला वाचनाची आवड असेल तर सीएलटी एकदा देऊन पाहायला सांगा.

पण गुण तर बहुतेक अर्जदारांचे चांगलेच असतात. फरक पडतो तो निबंधाने, शिक्षकांच्या शिफारसपत्रांनी आणि मुलाखतीने. पहिली दोन वर्षं बरीचशी ठरलेल्या विषयांत जातात: ग्रीक-रोमन काळापासूनचा पाश्चात्त्य इतिहास, अमेरिकेचा वारसा, राज्यघटना, साहित्य, तर्कशास्त्र, शिवाय विज्ञान. इतिहासासाठी कॉलेजनेच मूळ लेखांचा एक जाडजूड संग्रह छापला आहे. माझ्या लेकीच्या प्रतीत पानोपानी समासात पेन्सिलीने वाद घातलेला आहे, कुठे ‘हे पटत नाही’, कुठे नुसतंच ‘का?’. त्यांना अशी मुलगी हवी असते. ऑनलाइन कोर्स केला एवढं सांगून भागणार नाही. त्यातलं कुठलं मत तिला खटकलं, मग तिने आणखी काय वाचलं, हे तिला सांगता यायला हवं. म्हणून आत्तापासून आठवड्याला एक पान लिहायची सवय लावा, मराठीत लिहिलं तरी चालेल. आणि इथे आल्यावर तिला कॉलेज दाखवून आणा. नोव्हायहून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. वर्गात बसू देतात, मुलाखतही तिथेच होऊ शकते.

निघण्यापूर्वी एक काम नक्की करा. इथल्या कॉलेजांना नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण लागतात. आपल्याकडे नववीची मार्कशीट कोण जपून ठेवतं? नववी-दहावीच्या गुणपत्रिका शाळेच्या सही-शिक्क्यासह दोन-दोन प्रतींत घेऊन ठेवा. परदेशात बसून त्या मागवताना जीव मेटाकुटीला येतो.

पैशाचं गणित इथे वेगळं आहे. हिल्सडेल केंद्र सरकारचा एकही पैसा घेत नाही, विद्यार्थ्यांमार्फत येणारी मदतसुद्धा नाही. १९८४ साली ग्रोव्ह सिटी या दुसऱ्या एका खासगी कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की विद्यार्थ्याला केंद्राची मदत मिळत असेल तर कॉलेजला सरकारी नियम लागू होतात. त्यानंतर हिल्सडेलने ती मदतच बंद केली आणि देणग्यांमधून स्वतःच्या शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. तुमच्या लेकीला एल-२ वर (एल-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) केंद्राची मदत कुठेही मिळणार नाही, पण इथे ती इतर कुणालाही नसते. राहण्या-जेवणासकट वर्षाला चाळीस ते पन्नास हजार डॉलर धरा. तुमच्या व्हिसावर कुठली शिष्यवृत्ती मिळू शकते, ते प्रवेश कार्यालयाकडून ईमेलने लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका.

व्हिसाचा पेच मात्र खरा आहे. एल-२ वरच्या मुलांना नोकरी करता येत नाही, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो, म्हणजे ऐन कॉलेजच्या मधोमध. त्याआधी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून घ्यावा लागेल. एफ-१ वर सत्र चालू असताना आवारातच आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं आणि पदवीनंतर साधारण एक वर्ष नोकरीची मुभा मिळते. विज्ञान किंवा गणितात पदवी असेल तर आणखी दोन वर्षं. इतिहास किंवा लॅटिन घेतलं तर ते एकच वर्ष. लेकीला हे आजच सांगा. तिला लॅटिनच घ्यायचं असेल तर जरूर घेऊ द्या, फक्त तो हिशेब तिला ठाऊक असू द्या.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. ‘तिथलं वातावरण संस्कारी आहे, मुलगी बिघडणार नाही’, असं तुम्ही लिहिलंत. मुला-मुलींची वसतिगृहं वेगळी आहेत, एकमेकांच्या खोल्यांत जायच्या वेळा ठरलेल्या आहेत, प्रामाणिकपणाच्या संहितेवर सही करावी लागते, हे सगळं खरं आहे. पण तेवढ्यासाठी तिला तिथे पाठवू नका. मुलाखतीत ‘हेच कॉलेज का?’ विचारतील तेव्हा बाबांचं कारण तिच्या तोंडी आलं तर त्यांना लगेच कळेल. तिला स्वतःहून ते विषय शिकायचे असतील तर माझ्या मते तिची संधी चांगली आहे. सोबत मिशिगनमधल्या दोन-तीन सरकारी विद्यापीठांनाही अर्ज करू द्या. इथले रहिवासी म्हणून तिथे फी कमी लागेल का, तेही विचारा. हिल्सडेलमध्ये रहिवासी असो वा बाहेरचा, फी सगळ्यांना सारखीच. हिल्सडेलच्या लवकरच्या फेरीत अर्ज करायची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते, तेव्हा बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात निबंधाचा पहिला खर्डा तयार हवा.